दुर्गावहिनीचं लॉगबुक

माझी वहिनी दुर्गा, सरकारी दवाखान्यातली नर्स. दोन हजार चार साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तिनं जेवताना जाहीर केलं की ती आता बी.एस्सी. नर्सिंग करणार. नोकरी सांभाळून, मुक्त विद्यापीठातून, अर्धं टपालानं आणि अर्धं कॉम्प्युटरवर. मी हसलो. भात नाकात जाईपर्यंत हसलो.

"टपालान डिग्री येतली, वैनी? आणि पावसात भिजली तर मगे?"

तिनं माझ्या ताटात आणखी आमटी वाढली. माझ्या आईनं, म्हणजे आयेनं, माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मला त्याचं काय? मी सदानंद मास्तर, प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवणारा. लग्न केलं नाही, कारण माझ्या योग्यतेची बाई भेटली नाही असं मी सांगत असे. गावात मला 'शहाणो मास्तर' म्हणत. ते कौतुकानं म्हणत नसत हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

गाव आचऱ्यापासून दोन मैलांवर. नाव सांगत नाही; अब्रू माझी जायची आहे, गावाची कशाला घालवू? आमचं घर गाबतांचं, म्हणजे मासेमारांचं. माझा थोरला भाऊ धोंडूदादा गोव्याच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात आये, मी आणि वहिनी. घर चालायचं वहिनीच्या पगारावर, माझ्या पगारावर आणि माझ्या तोंडावर. त्यातलं तोंड सगळ्यात जास्त चालायचं.

वहिनीनं चौऱ्याऐंशी साली डिप्लोमा केला, तेव्हापासून ती वॉर्डात. एकदा जाळ्यातून वागळी मासा काढताना एका खलाशाला तिच्या शेपटीचा काटा लागला. माणूस गुरासारखा ओरडत आला. नवीन आलेला डॉक्टर घाटावरचा, त्यानं वागळी फक्त ताटात बघितलेली. तो पुस्तक शोधायला आत गेला. वहिनीनं बादलीभर कढत पाणी आणलं, हात घालून सोसेल एवढं निववलं आणि खलाशाचा पाय त्यात बुडवला. पाऊण तासात तो खलाशी चहा मागायला लागला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "सिस्टर, तुम्ही डिप्लोमावाल्या लोकांनी असले गावठी उपाय करू नयेत." मग त्यानं केसपेपरवर तोच उपाय स्वतःच्या अक्षरात लिहिला. असल्या माणसांना सरकार पगार देतं.

पण वहिनीच्या मनात डॉक्टर नव्हता. तिला शिकवायचं होतं. जिल्ह्याच्या नर्सिंग शाळेत पाठ्यनिर्देशिकेची जागा निघणार होती आणि त्या जागेला डिग्री लागत होती. आमच्या वहिनीनं वीस वर्षांत किती पोरी तयार केल्या असतील! बाळाच्या टाळूवरची शीर कशी शोधायची, सुई कुठल्या कोनात धरायची, रडणाऱ्या आईला कुठं बसवायचं, सगळं. पण शिकवण्याचा हक्क कागदावर हवा. कागद नाही तर तुम्ही बिनपगारी आत्याबाई.

तर मग सुरू झालं तिचं शिक्षण. मालवणात विश्वेशचा सायबर कॅफे होता, सहा कॉम्प्युटर आणि एक पंखा. ड्यूटी संपली की वहिनी युनिफॉर्मवरच तिथं जायची. एका बाजूला गोळीबाराचा खेळ खेळणारी पोरं, दुसऱ्या बाजूला कुणीतरी चॅटिंग करणारा दीडशहाणा, आणि मध्ये माझी वहिनी, जाड चष्मा लावून ऑनलाइन लेक्चर बघणारी. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. पडद्यावर एक बाई काहीतरी इंग्रजीत सांगत होत्या आणि मध्येच तोंड उघडं ठेवून अडकल्या. दहा मिनिटं त्या बाई तशाच, आ वासून. वहिनीही वहीवर पेन टेकवून तशीच बसलेली.

"काय शिकलंस?" मी विचारलं.

"अजून बोलाक नाय ती," वहिनी म्हणाली.

मग वीज गेली. तेव्हा भारनियमन रोजचंच. मी घरी येईपर्यंत हसत होतो आणि चार जणांना ही गोष्ट रंगवून सांगितली.

आता एक गोष्ट कबूल करतो, कारण आता लपवून काय दिवे लावायचे राहिलेत? तिची पुस्तकं इंग्रजीत होती. सुरुवातीला ती रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची. "भावजी, ह्या शब्दाचो अर्थ काय हो?" मास्तर घरात, मग तिनं दुसऱ्या कुणाला विचारायचं? आणि मला अर्थ येत नसे. माझं इंग्रजी म्हणजे हजेरीपुस्तकापुरतं. पण येत नाही म्हणेन तर मी शहाणा मास्तर कसला? मी म्हणायचो, "ह्या वयात ह्यो शब्द घेवन तू करतलंस काय?" आठ दिवसांत तिनं विचारणं बंद केलं आणि मालवणहून जाडजूड डिक्शनरी आणली. मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण हायसं वाटलं.

विद्यापीठाचा नियम असा की नोंदणी पाच वर्षांची. तेवढ्यात सगळे पेपर आणि प्रॅक्टिकल सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर सगळं रद्द, पुन्हा श्रीगणेशा. वहिनीचा एक पेपर पहिल्या वर्षी राहिला. मग आये न्हाणीघरात पडली, मांडीचं हाड मोडलं, ते वर्ष गेलं. एका वर्षी तापाची साथ आली आणि दवाखान्यानं रजाच दिली नाही. असं करत करत दोन हजार नऊचा डिसेंबर उजाडला. पेपर सगळे सुटले होते. राहिलं होतं शेवटचं प्रॅक्टिकल, कोल्हापूरच्या केंद्रावर, मंगळवारी सकाळी नऊ वाजता. हीच शेवटची संधी.

त्या प्रॅक्टिकलला लॉगबुक लागायचं. लॉगबुक म्हणजे जाड पुठ्ठ्याची वही. त्यात नर्सनं केलेलं एकेक काम लिहायचं आणि प्रत्येकापुढे डिग्रीवाल्या वरिष्ठाची सही. वही नसेल तर परीक्षेच्या खोलीत पाऊलही टाकू देत नाहीत. दवाखान्यात डिग्रीवाली होती एकच, प्रियांका, तेवीस वर्षांची, बेळगावहून शिकून आलेली. तिला बाळाची शीर शोधायला वहिनीनंच शिकवलेलं. आणि आता तीच पोर वहीत सही करत होती की दुर्गा सिस्टरना बाळाची शीर शोधता येते! पोर बिचारी सही करताना मान खाली घालायची. अशा दोनशे दहा सह्या. ह्या देशात अक्कल कुठं राहते आणि सही कुठं राहते ते बघायचं असेल तर ती वही बघावी.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आली गावपळण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे तीन-चार वर्षांनी एकदा ग्रामदेव कौल देतो आणि अख्खा गाव घरंदारं बंद करून शिमेबाहेर, म्हणजे हद्दीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. माळावर माटव, म्हणजे झावळ्यांचे मांडव घालून तीन दिवस तीन रात्री राहायचं. तेवढे दिवस गावात फक्त देव आणि त्याचा परिवार फिरतो, माणसानं पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी सकाळी फक्त मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल घेतात. देवाच्या अंगावर लावलेला फुलाचा कळा उजवीकडून पडला की गाव परत घरात. नाही पडला तर आणखी एक रात्र बाहेर.

ह्या प्रकरणावर माझी मतं गावाला पाठ होती. मी वीस वर्षं शाळेत आणि पारावर सांगत आलो होतो की हे सगळं थोतांड आहे, देव काय घरं तपासायला फिरतो, तो काय नगरपालिकेचा मुकादम आहे? आणि प्रत्येक गावपळणीला मी सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचो आणि सावलीतली जागा धरायचो. कुणी विचारलं तर म्हणायचो, "शाळेक सुट्टीच आसा, मगे हवापालट केलो तर काय वायट?"

शुक्रवारी गाव बाहेर पडला तेव्हा वहिनी दवाखान्यात होती. शनिवारी ड्यूटी संपवून ती थेट माटवात आली आणि सामान चाळायला लागली. तांदूळ होते, परडी होती, कोंबड्या होत्या, माझा रेडिओ होता. लॉगबुक नव्हतं.

"आये, माजी वही खंय?"

आयेचा चेहरा असा फुलला की सांगता सोय नाही. "घरच्या देवापुढे ठेवलंय गो. कुंकू लावन, तुळशीचा पान घालून. तीन दिवस गावात देवाशिवाय कोण नाय. तेच्या पायाकडे रवली की तुका कोण नापास करता ता बघतंय मी. सोमवारी सकाळी घरात जावया, वही घे आणि दुपारच्या एसटीन जा."

म्हातारीनं हिशोब बरोबर केला होता. सोमवारी सकाळी गाव परतणार, मंगळवारी परीक्षा. तिच्या आठवणीत कौल फक्त एकदा लांबला होता, तोही ती नवी नवरी होती तेव्हा. मी मात्र आडवा पडून हसलो. "आये, देव काय परीक्षक आसा? तो काय वही तपासतलो?" आयेनं माझ्याकडे पाठ फिरवली. वहिनी आयेच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "बरा केलास, आये." तिला खरंच बरं वाटलं होतं. ती बाई देवाला मानणारी, सुईच्या ट्रेलाही नमस्कार करून हात घालणारी.

सोमवारी सकाळी मानकरी देवळात गेले. आम्ही सगळे माळावर उभे. दहा वाजले, साडेदहा वाजले. मग मानकरी मान हलवत परत आले. कळा पडला नव्हता. आणखी एक रात्र.

माळावर कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. पोरांना तर आनंदच झाला. वहिनी मानकऱ्यांकडे गेली, हात जोडून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाये, देवाच्या फुडे आमी काय करतलंव? परीक्षा फुडच्या वर्षी दी." पुढच्या वर्षी! पाच वर्षं ह्या बाईनं रात्रपाळी करून दिवसा पानं घोटली, त्याची किंमत ह्या टोणग्यांना एवढीच. मला असा संताप आला की मी मोठ्यानं म्हणालो, "गाढव आसत सगळे! दोन फर्लांगावर घर आसा. जावन वही आणूची, संपला. हात काय झडतले?"

माटवात आम्ही तिघंच होतो. आये कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली, आपण काय करून बसलो ते तिला कळलं होतं. वहिनी माझ्याकडे वळली. तिच्या हातात घराची चावी होती.

"भावजी, माका भय वाटता," ती म्हणाली. "खराच वाटता. तुमका वाटणा नाय, म्हणान तुमका सांगतंय. तुमी जाशात? दोनची एसटी आसा."

मी चावी घेतली. नाही कशाला म्हणेन? वीस वर्षांची भाषणं पाठीशी होती. शर्टाची बटणं लावली आणि ऐटीत निघालो. वाटेत शेळ्या घेऊन बसलेल्या बाबूनं विचारलं, "मास्तर, खंय?" मी म्हटलं, "घराक!" तो उभाच राहिला.

आमच्या वाटेवर गावाची शीम म्हणजे व्हाळ. डिसेंबरात गुडघाभर पाणी असतं, साकवाचा पूल दूर आहे, त्यामुळे सगळे पाण्यातूनच जातात. मी काठावर पोचलो. पलीकडे आमची वाडी, माडांमधून आमच्या घराची कौलं दिसत होती. दुपारचे साडेबारा. आणि आवाज कसलाच नाही. पंप नाही, कुत्रं नाही, कुणाची हाक नाही. जन्म काढलेला गाव, पण मी त्याला असा बघितला नव्हता. मी चप्पल काढली. एक पाय उचलला.

आणि तो पाय पाण्यात गेला नाही.

मी स्वतःला शिव्या दिल्या. अरे शुंभा, तिथं काय आहे? चार भिंती आणि एक वही! पण डोक्यात एकच विचार, की पलीकडे कुणीतरी उभं आहे आणि मला बघतं आहे. विज्ञानाचा मास्तर! पोरांना पट्टी मारून सांगायचो की भूत नसतं. मी चप्पल घातली आणि काजूच्या झाडाखाली बसलो. वीस मिनिटं बसलो, घड्याळ लावून, घरी जाऊन यायला जेवढा वेळ लागेल तेवढा. मग परत गेलो.

"कुलूप गंजला हा," मी म्हटलं. "चावी फिराक नाय. मी लय खटपट केलंय."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मग खाली, माझ्या पायांकडे. माझी पँट घोट्यापर्यंत कोरडी ठणठणीत होती. चपलेवर धूळ होती, चिखलाचा एक थेंब नव्हता. हजार आजारी माणसं बघितलेले डोळे ते, त्यांना काय सांगायला लागतं? तिनं माझ्या हातातून चावी घेतली, देवळाच्या दिशेनं हात जोडले, पदर खोचला आणि काजूच्या आडवाटेनं निघून गेली. तिला भय वाटतं हे तिनंच सांगितलेलं, तरीही मी तिला थांबवलं नाही.

ती पाऊण तासानं परत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, ओठ पांढरे, आणि छातीशी पिशवीत ती वही, वर कुंकवाचा टिळा. आयेनं तिचे पाय धरले. वहिनीनं साडी बदलली आणि दोनची एसटी पकडली. मंगळवारी सकाळी नऊ वाजता ती कोल्हापूरला परीक्षेच्या खोलीत होती.

मंगळवारीच कौल मिळाला, गाव घरात आला. आणि तोपर्यंत बाबूनं काम केलं होतं. मास्तर शीम ओलांडून घराकडे गेले, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, असं तो सगळीकडे सांगत सुटला. संध्याकाळी मानकऱ्यांनी मला देवळात बोलावून सांगितलं, देवापुढे नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, चूक झाली म्हणा. आता तोंड उघडायची वेळ होती. "मी गेलोच नाही" एवढं म्हणायचं होतं. पण मग विचारलं असतं, तर कोण गेलं? असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हे. दाराबाहेर गावच्या तरुण मंडळाची पोरं उभी होती, किरण, सुदेश आणि आणखी दहा-बारा, आणि माझ्याकडे अशी बघत होती की आयुष्यात मला कुणी तसं बघितलं नव्हतं. मी छाती काढून म्हणालो, "मी नारळ ठेवचंय नाय. तत्त्वाचो प्रश्न आसा." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

कोल्हापूरहून आल्यावर वहिनी गुपचूप देवळात गेली आणि नारळ ठेवून आली. आयेनं मला एवढंच सांगितलं, "तुजा नाव झाला ता बरा झाला. तिचा झाला आसता तर तिका गावान फाडून खाल्ल्यानी आसती. तेवढो तरी उपेग झालो तुजो." सख्ख्या आईचे शब्द. दोन वेळा जेवलो नाही. तिसऱ्या वेळी जेवलो.

फेब्रुवारीत विश्वेशच्या कॅफेत निकाल दिसला. वहिनी पहिल्या वर्गात पास. एप्रिलमध्ये नर्सिंग शाळेत पाठ्यनिर्देशिका म्हणून तिची नेमणूक झाली. मंडळानं सत्कार ठेवला, एकाच मंडपात दोघांचा: तिचा डिग्रीसाठी, माझा अंधश्रद्धेची शीम ओलांडल्याबद्दल. मला शाल, नारळ आणि सुदेशनं लिहिलेलं मानपत्र. त्यात 'निर्भय' हा शब्द तीनदा होता.

वहिनीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माइकपुढे उभी राहिली. आता सांगणार, म्हटलं, आणि सांगावंच, माझी लायकी तीच. ती प्रमाण मराठीत, सावकाश, वर्गात बोलावं तशी बोलली. "सासूबाईंनी माझी वही देवापाशी ठेवली, म्हणून मी पास झाले. आणि माझ्या भावजींनी ती वही वेळेवर आणून दिली, म्हणून मी परीक्षेला बसू शकले." मंडप टाळ्यांनी दणाणला. आये खाली मान घालून लुगड्याच्या पदराशी चाळा करत होती.

मंडळाला आता स्मरणिकेसाठी माझा लेख हवाय, 'मी शीम ओलांडली तो दिवस'. तो हा. छापा, हिंमत असेल तर.

सत्काराहून घरी आल्यावर मी वहिनीला गाठलं. ती पडवीत बसून दुसऱ्या दिवसाचा पाठ काढत होती. मी शाल खांद्यावर तशीच ठेवून समोर उभा राहिलो.

"वैनी, खोटा कित्याक सांगलंस?"

तिनं चष्मा वर केला. रागावलेली नव्हती. रागावली असती तर किती बरं झालं असतं.

"भावजी, पेशंट घाबारलेलो आसलो की आमी तेका 'तू घाबारलंस' असा कदी सांगणव नाय. सुई टोचतंव आणि म्हणतंव, शाबास, कायएक दुखला नाय मां?"

मी शाल काढायला लागलो.

"रवांदे अंगार," ती म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. "वारो सुटलो हा."